कालच्या चपात्या

संघप्रियाला सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा वाटायचं, आज परत कधी आडवं व्हायला मिळणार? कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात ती नर्स होती. कळंब्याहून पहिली बस धरायची, दिवसभर वॉर्डात उभं राहायचं आणि दुपार कलली की तशाच भरलेल्या बसनं परत यायचं. नवरा एस.टी.त ड्रायव्हर. गडहिंग्लज डेपोला असल्यामुळं आठवड्यातून एकदा घरी यायचा, तोही झोपायलाच. घरात तिच्याशिवाय शाळेत जाणारी मुलगी दीप्ती आणि सासू झुंबरबाई.

दोन हजार सालच्या दसऱ्याला त्यांच्याकडं फ्रीज आला. संघप्रियाला वाटलं, चला, सुटलो. जास्तीचं करून ठेवलं की एका वेळचा स्वयंपाक तरी वाचेल. पण झुंबरबाईंनी फ्रीजला बोटसुद्धा लावलं नाही. पाणी माठातलं आणि जेवण चुलीवरनं किंवा गॅसवरनं उतरलेलं, तेवढंच त्यांना चालायचं.

"त्या कपाटातलं मला नगं," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "शिळं मी खात न्हाय."

"अहो आत्ती, आमच्या दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा फ्रीजमधलं खातात."

"खाऊंदेत की. मी कुठं त्यास्नी नको म्हणाल्ये?"

झालं. म्हणजे सकाळी भाकरी आणि तिच्याबरोबर भाजी-आमटीचं कोरड्यास, संध्याकाळी पुन्हा ताजी भाकरी, ताजं कोरड्यास. उरलेलं फ्रीजमध्ये जायचं आणि ते दुसऱ्या दिवशी संघप्रिया आणि दीप्ती खायच्या. म्हाताऱ्या माणसांचं असतंच काहीतरी, असं म्हणून संघप्रियानं ते सोडून दिलं होतं. वाद घालण्यापेक्षा भाकरी थापणं सोपं होतं.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात वॉर्ड तापाच्या पेशंटनी भरून गेला. एके दिवशी बदलीची नर्स आलीच नाही, आणि संघप्रिया दिवसाला जोडून रात्रही थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली ती पायातली चप्पल न काढता पलंगावर बसली आणि बसल्या बसल्या झोपली. दिवेलागणीला दीप्तीनं हलवून उठवलं.

"आई, आज्जी विचारतीय, जेवायचं काय?"

संघप्रिया ओट्यापाशी गेली. पिठाचा डबा भरलेला होता, खोटं कशाला बोला. पण परातीत पीठ घ्यायला हातच उठेना. तिनं फ्रीज उघडला. आदल्या दिवशी दीप्तीच्या डब्यासाठी केलेल्यातल्या चपात्या उरल्या होत्या, कडेनं जरा वातड झालेल्या. वाटीत मटकीची उसळ, एका डब्यात बटाट्याची भाजी, थोडी साय, दोन अंडी.

तिनं जाड बुडाच्या पातेल्याला तेल लावलं आणि तळाशी एक चपाती घातली. तिच्यावर उसळ पसरली. वर दुसरी चपाती, तिच्यावर बटाटा कुस्करून आणि कांदा-लसणाची चटणी भुरभुरून. परत चपाती, परत उसळ. असे थर वरपर्यंत आले तेव्हा तिनं अंडी सायीत फेटून सगळ्यावर ओतली. ती कडेकडेनं खाली झिरपली. मग झाकण ठेवलं, पातेल्याखाली तवा सरकवला, गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून डोळे मिटले.

वास सुटला तसा तिनं झाकण काढलं. सगळं एकजीव होऊन फुगलं होतं, कडा लालसर झाल्या होत्या. तिनं सुरीनं तुकडे कापले. एक ताटात घालून सासूपुढं ठेवला, कशाचा ते मात्र सांगितलं नाही.

झुंबरबाईंनी घास घेतला. "काय गं हे? चांगलं लागतंय की." तुकडा संपवून त्यांनी ताट पुढं केलं. "आणि घाल जरा."

संघप्रियानं घातलं. तेवढ्यात दीप्ती हसली. "बघ आज्जी, कालच्या चपात्या हाईत, कळलं तरी का तुला?"

झुंबरबाईंचा हात थांबला. त्यांनी तोंडातला घास कसाबसा गिळला, ताट बाजूला सारलं आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

संघप्रिया त्यांच्या मागं गेली. दोन दिवसांचा शीण तिच्या तोंडाला आला.

"मी बी माणूस हाय, आत्ती. रात्रभर उभी होते. एक दिवस खाल्लं तर काय होतंय? माझ्याच हातचं हाय नव्हं?"

झुंबरबाई अंगणातल्या चिखलाकडं बघत होत्या.

"आमच्या आईसंगं मी भाकरी मागायची बुट्टी, टोपली घिऊन जायची," त्या म्हणाल्या. "हुपरीच्या तिकडं, आमच्या गावात. दिवस मावळला की दारोदार. आमचा हक्कच हुता म्हणं त्यो. गावाची कामं करायची आन् उरलेलं मागून आणायचं. दारातनं आत जायाचं न्हाय. वरनं टाकायची बाई भाकरी, हात लागू नये म्हणून. कुठली कालची, कुठली परवाची. एकाची आमटी, एकाचं पिठलं, सगळं एकात एक हुयाचं. घरी आई त्येच पाण्यात घालून चुलीवर ठिवायची. वर तिखट टाकायची, वास मरावा म्हणून."

दीप्ती दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडं न बघता झुंबरबाई बोलत राहिल्या.

"छप्पनला दीक्षा घेतली. त्या दिवशी बापानं ती बुट्टी चुलीत घातली. आई म्हणाली, आता जे आपल्या चुलीवर शिजंल तेच खायाचं, न्हाईतर उपाशी झोपायचं. झोपलो की उपाशी. लई येळा झोपलो. पर परत शिळं न्हाय खाल्लं."

संघप्रिया पायरीवर टेकली. तिचा जन्म दीक्षेनंतरचा, शहरातला. वडील शिक्षक होते. हे सगळं तिनं वाचलं होतं, जयंतीच्या भाषणात ऐकलं होतं. पण ज्या बाईला ती इतकी वर्षं भाकरी वाढत होती तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"हे आपल्या घरातलंच हाय, आत्ती," ती हळू म्हणाली.

"ठावं हाय मला. डोक्याला कळतंय. जिभंला न्हाय कळत." मग झुंबरबाईंनी सुनेकडं पाहिलं. "आणि तू दमतीस ते बी दिसतंय. आंधळी न्हाय मी."

त्या रात्री त्या उपाशीच झोपल्या. संघप्रियानं भाकरी करते म्हटलं तर नको म्हणाल्या. संघप्रियाही फारसं जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून झुंबरबाई संध्याकाळची भाकरी स्वतः करायला लागल्या. गुडघे दुखायचे, म्हणून ओट्यापाशी स्टूल घेऊन बसायच्या. भाकऱ्या आपल्यापुरत्या थापायच्या आणि सून आली की म्हणायच्या, "तुमचं तुम्ही बघा, माझं झालं." संघप्रियाला हायसं वाटायचं आणि त्याची लाजही वाटायची. एका रविवारी सासूसाठी म्हणून तिनं तेच थर ताज्या चपात्यांचे लावून बघितले. सगळ्याचा मऊ गोळा झाला. त्याला आदल्या दिवशीचीच वातड चपाती लागायची. झुंबरबाईंनी तो गोळा निमूट खाल्ला आणि म्हणाल्या, "भाकरीच बरी."

दोन हजार सहाला चिकुनगुन्याची साथ आली. वॉर्डात पेशंट कण्हत होते, आणि शेवटी संघप्रियाही त्यातच सापडली. ताप उतरला, पण सांधे असे धरले की कप उचलता येईना. तोंडाची चव गेली. झुंबरबाईंनी केलेली भाकरी दुधात कुस्करून पुढं ठेवली तरी ती मान फिरवायची. दीप्ती तेव्हा कॉलेजात होती, तिची परीक्षा चालू होती.

"काय खाऊ वाटतंय तुला? सांग तरी," झुंबरबाईंनी विचारलं.

ग्लानीत संघप्रिया बोलून गेली, "ते थराचं." बोलल्यावर तिला वाटलं, बोलायला नको होतं.

थोड्या वेळानं तिला फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग डबे काढल्याचा. तिनं मान वळवून बघितलं. झुंबरबाई फ्रीजसमोर उभ्या होत्या, दाराला धरून. आतली थंड हवा तोंडावर येत होती म्हणून की काय, त्यांनी डोळे बारीक केले होते. त्यांनी दीप्तीनं काल केलेल्या चपात्यांचं फडकं उचललं आणि ओट्यावर नेलं.

"खाली उसळ घालायची का बटाटा?" त्यांनी ओरडून विचारलं.

"उसळ. आत्ती, राहू दे की. तुम्ही कशाला..."

"गप पड. तुला इचारलं तेवढं सांग."

त्या स्टुलावर बसून एकेक थर लावत होत्या. पदरानं दोनदा तोंड पुसलं. पातेल्याखाली तवा ठेवायचं त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळं बूड करपलं. अंडं मधे कच्चंच राहिलं होतं. त्यांनी वरचा बरा भाग काढला, लहान लहान तुकडे केले आणि सुनेच्या उशाशी बसून तिला घास भरवले.

"तुम्ही?" संघप्रियानं विचारलं.

"माझी भाकरी हाय की. मी न्हाय खाणार हे." त्यांनी पुढचा घास उचलला. "तोंड उघड."

संघप्रियानं तोंड उघडलं. करपट वास येत होता, मीठही जास्त झालं होतं. ती खात राहिली. नको म्हणायचीसुद्धा तिच्यात ताकद नव्हती, आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.