बानाबाई आणि परमुलखाची लेक

बानाबाई साधं बोलली तरी नवख्या माणसाला वाटतं, ही भांडायलाच उठली. त्याला इलाज नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तीसेक वर्षं ती नवऱ्याबरोबर मेंढरांमागं हिंडली. या टेकडीवरून त्या टेकडीवर हाक द्यायची तर आवाज तसाच लागतो. आता नवरा नाही, मेंढरं पाच-सहाच उरलीत. मुलगा बिभीषण वाळूजला कंपनीत जातो, सून दीपमाला माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, गाडी लावते, आणि फुलंब्रीबाहेर त्यांचं पत्र्याचं नीटनेटकं घर आहे. आवाज मात्र टेकडीवरचाच राहिला. आमच्या शाळेतली पोरं म्हणतात, "बाई, आजी बोलल्या की वर्गात फळा हलतो."

मी त्याच शाळेत शिकवते. गेल्या दसऱ्याच्या सुमारास एका संस्थेनं आमच्याकडं फिनलंडहून एक मुलगी पाठवली. पाच महिने मुलांना चित्रं, खेळ, थोडं इंग्रजी शिकवायचं, पगार नाही. नाव हेल्मी, वय बावीस. तिनं हॉटेलात नाही, कुणाच्या तरी घरी घरच्यासारखं राहायचं असा त्यांचा नियम. घर बघायचं काम माझ्या गळ्यात आलं.

पहिलं घर मी माझ्या मामेबहिणीचं दिलं, तनुजाचं, बजाजनगरला. शहराची सोय बरी म्हणून. तनुजाचा जीव मोठा, पण खोल्या दोनच. तिनं हेल्मीला एक क्षण एकटं सोडलं नाही. पाहुणीला एकटं कसं ठेवायचं? शेजारणी बघायला यायच्या, फोटो काढायच्या, ताटात "अजून एक, माझ्यासाठी एक" चालायचं. वर शाळेला येता-जाता रोज दोन बस. तिसऱ्या आठवड्यात हेल्मीनं भर दुपारी आतून कडी लावली आणि तीन तास उघडली नाही. तनुजा फोनवर रडली, "ताई, आमचं काय चुकलं गं? दिवसाढवळ्या दार लावून बसली. लोक काय म्हणतील?" हेल्मी मला म्हणाली, "तनुजा खूप चांगली. मला फक्त शांत पाहिजे."

संस्थेच्या मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं, घर एकदाच बदलता येईल. दुसऱ्या घरीही जमलं नाही तर मुलीला परत पाठवू.

दुसरं घर बानाबाईचं. मी कागद वाचून दाखवला : पाहुणीची जबाबदारी आमच्यावर, तिला सुखरूप ठेवू. बानाबाईनं अंगठा उठवला आणि तो बराच वेळ बघत राहिली. "बाई, लोकाची लेक हाय. हिच्या आईनं इमानात बसवताना काय म्हटलं आसंल हो?"

मला वाटलं होतं, या आवाजापुढं ती पोरगी आठ दिवसही टिकायची नाही. पण झालं उलटंच. बानाबाई आपल्या कामात असायची. हेल्मी संध्याकाळी मेंढरांजवळ दगडावर बसायची, तासभर, कुणाशी न बोलता. बानाबाईला त्यात काही वावगं वाटायचं नाही, तिचा अर्धा जन्म तसाच गेलेला. "हासत नाय फारशी," ती मला म्हणायची, "पण पोरगी सुखात हाय. मेंढरूबी असंच कळतं." शेजारची सरूबाई टोमणे मारायची, "गोरी मेंढकी ठेवली का गं बाने?" बानाबाई लगेच म्हणायची, "व्हय, आन तुझ्या सुनंपेक्षा लौकर उठती."

नाव तर पहिल्याच दिवशी बदललं. हेल्मीची हेमी झाली, मग हेमा. हेमा भाकरी दोन्ही हातांनी फाडायची. "आगं, पेपर फाडतीस का काय? येका हातानं मोड." ती शिकली. सकाळी शाळेला निघताना ती पुस्तकातलं वाक्य म्हणायची, "आजी, मी जाते." पहिल्या दिवशी बानाबाई चुलीपुढून उठूनच आली. "जाते म्हणू नाय! येते म्हण. येते!" नात सृष्टी आठवीत आहे, तिनं समजावलं. तेव्हापासून हेमा रोज उंबऱ्यावरून म्हणायची, "आजी, येते."

वाईट दिवसही होते. तिखटानं तोंड यायचं. आंघोळीच्या आडोशाला वरून छत नव्हतं, तर ती चार दिवस आंघोळीलाच गेली नाही. बिभीषणनं ताडपत्री बांधली. एकदा गावातल्या लग्नात तिला हात धरून नाचायला ओढलं, ती थरथरत घरी आली. मी दर वेळी धसकायची. आता ती नको म्हणेल, आता मॅडमचा फोन येईल. रात्री देवापुढं दिवा लावताना तिचंही नाव घ्यायची मी, दुसरं काय हातात होतं?

मग तो शनिवार आला.

मार्गशीर्ष लागला होता. बानाबाईच्या घरी खंडोबाचे घट बसलेले, चंपाषष्ठीला अजून चार-पाच दिवस होते. शनिवारी आमची शाळा सकाळची. हेमानं सृष्टीबरोबर निरोप पाठवला, पोट दुखतंय, येत नाही. शाळा सुटल्यावर कागदपत्रं उरकून दीडच्या सुमारास घरी आले, हातपाय धुतले, तेवढ्यात बानाबाई दारात. पदर डोक्यावरून घसरलेला, पायात चप्पल नाही.

"बाई, हेमा हितं आली का?"

"नाही. का?"

"कुटंच नाय. शिंद्याच्या हिरीत वाकून पायली, पाटलाच्या हिरीतबी पायली. न्हाय."

आधी दोन विहिरी बघून मग ती माझ्याकडं आली होती. मागोमाग सृष्टी पळत आली. "बाई, तिची पाठीवरची बॅगपण नाही. फोन मात्र चार्जिंगलाच आहे."

मी बिभीषणला फोन लावला. तो कामावर होता, म्हणाला निघतो. मग संस्थेच्या मॅडमचा नंबर काढला आणि फोन तसाच हातात धरून बसले. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, तासभर थांबावं. पोरगी इथंच कुठं तरी असेल, येईल, आणि कुणाला कळायचंही नाही. दोन्ही घरं मीच निवडलेली होती.

बानाबाईनं माझ्याकडं बघितलं. "लावा फोन."

"बानाबाई, कळवलं की तिला तुमच्याकडं ठेवणार नाहीत. परत पाठवतील तिच्या देशात."

"पाठवू द्या. आधी घावू द्या. झाकून ठिवायला ती काय माझी हाय का? लोकाची हाय."

मी लावला. मॅडमनी आधी किती वाजल्यापासून नाही ते विचारलं. मग म्हणाल्या, सहापर्यंत पत्ता लागला नाही तर पोलिसांत द्यावं लागेल, आणि सापडली तरी आता त्या घरी नाही. मी तसंच बानाबाईला सांगितलं.

मग मी विचारलं, "सकाळी नेमकं काय झालं? एकेक शब्द सांगा."

"काय व्हायचंय? पोट धरून बसली व्हती, म्या वळखलं, आडचण आलीया, हितं आल्यापास्नं पैल्यांदाच. गरम पाणी दिलं. मंग ती पाणी प्यायला आत निगाली, घटाच्या खोलीत. माझे हात पिठात. म्या हितूनच म्हणलं..."

"काय म्हटलं?"

बानाबाईनं म्हणून दाखवलं. "हेमेऽ, बाहेर! बाहेर हो! आत येऊ नाय! चार दिस बाहेर!"

माझ्या घरातली भांडी वाजली. रस्त्यानं चाललेला एक जण थांबला.

"मंग ती गेली की गुमान. बॅग घेतली, दारातून म्हणली, आजी, येते. म्या म्हणलं बरं झालं, शानी हाय, समजली. तिला ओसरीत बसायला पोतं टाकलं. शेंगदान्याची चटनी वाटली, तिला आवडती. झाकून ठिवलीया."

सृष्टी तोंडावर हात ठेवून उभी होती. "आजी, तिला बाहेर म्हणजे आउट एवढंच माहितीय. मीच शिकवलंय. बॉल बाहेर गेला, कुत्रं बाहेर काढ. तुझं बाहेरचं होणं तिला कुठून कळणार?"

"आगं पर येते म्हणली की ती! जानार आसती तर येते कशाला म्हणंल?"

"तूच शिकवलंस ना! तिला वाटतं येते म्हणजे बाय."

बानाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "म्हंजी म्या हाकलली तिला," ती म्हणाली. "आजारी पोरगी. म्या घराबाहेर काढली."

त्यानंतरचे दोन-अडीच तास कसे गेले ते मला अजून आठवावंसं वाटत नाही. स्टँडवर विचारलं. रिक्षावाल्यांना विचारलं. कुणी म्हणालं संभाजीनगरच्या बसमध्ये बसताना पाहिली, कुणी म्हणालं सिल्लोडच्या. सृष्टी रडत होती. मनात माझं नामस्मरण चालू होतं, पण मधेच तुटायचं आणि विमानतळावर उभी असलेली तिची आई डोळ्यांपुढं यायची. बिभीषण मोटरसायकलवर आला तोवर साडेचार वाजत आले होते.

तेवढ्यात तनुजाचा फोन.

"ताई, चहा टाकला का? हेल्मीला उद्या इथनंच लेणी बघायला नेऊ का?"

"हेल्मी कुठंय?"

"कुठं म्हणजे? माझ्याकडंय. सकाळी अकरापास्नं. वरण-भात जेवली, झोपली, आता उठलीय."

मी ओरडलेच. "अगं मग एक फोन करायचा नाही? इथं आम्ही विहिरी बघतोय!"

तनुजा घाबरली. "मला वाटलं तूच पाठवली. बॅग घेऊन आली ना. मला वाटलं... तिचा माझ्यावरचा राग गेला, म्हणून आली."

बिभीषणनं कपाळावर हात मारला. त्याची कंपनी तनुजाच्या घरापासून पाच मिनिटांवर. चाळीस किलोमीटर गाडी मारून तो तिला शोधायला इकडं आला होता.

मी मॅडमना कळवलं. गावातल्या एकाची चारचाकी घेऊन आम्ही निघालो, बिभीषण, बानाबाई आणि मी. हर्सूल आलं, शहागंजच्या गर्दीत गाडी अडकली. मी म्हटलं, "सुखरूप आहे ना, आता काय?" तर बानाबाई म्हणाली, "तिच्या मनात काय हाय ते कुनाला ठावं?"

तनुजाच्या दारात आम्हाला बघून हेमा उभी राहिली. बॅग छातीशी धरली. "सॉरी आजी," ती म्हणाली. "मी वाईट काय केलं? मला कळलं नाही."

बानाबाई सुरूच झाली, "आगं माझे बाई, तुला घराबाहेर जा म्हणलं नव्हतं गं..." पण नेहमीच्याच आवाजात. वरच्या मजल्यावरचं एक दार उघडलं, हेमा एक पाऊल मागं सरली. मी बानाबाईचा दंड धरला. "थांबा. मी सांगते."

आणि मला सांगता येईना. माझं इंग्रजी पाचवीपासूनचं, त्यात या गोष्टीला शब्द नाहीत. महिन्याचे चार दिवस म्हणून झालं, देव बसलेत म्हणून झालं, आत चालत नाही म्हणून झालं. ती विचारत राहिली, का? मी स्वतः पाळते, माझ्या आईनं पाळलं, आणि का ते मला मराठीत तरी कुठं सांगता आलं असतं? शेवटी तिनं माझा नाद सोडला आणि बानाबाईलाच विचारलं, मराठीत, "आजी, देव रागावतो?"

बानाबाईनं विचार केला. "न्हाय गं. देव कशाला रागावतोय? मीच भेते."

हेमानं छातीशी धरलेली बॅग खाली ठेवली. "मी पण," ती म्हणाली. "आजी मोठ्यानं बोलते, मी भेते. रोज नाही. आज."

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. मॅडम म्हणाल्या, हेल्मीचं सामान उद्या फुलंब्रीहून आणायचं, परतीचं तिकीट बघतोय. हेमानं माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि खिडकीकडं तोंड करून बोलायला लागली. बराच वेळ बोलली. एरवी दिवसभरात बोलत नसेल एवढं. मला अर्धंच कळत होतं. बानाबाईनं माझा पदर ओढला.

"काय म्हणती?"

"म्हणतेय, चूक भाषेची झाली."

"आन?"

"म्हणतेय, त्या घरात मला झोप लागते."

बानाबाईनं तोंड फिरवलं. तनुजा उगाचच ओटा पुसायला लागली.

हेमानं फोन ठेवला. आधी इंग्रजीत मला सांगितलं, मग मोडक्या मराठीत दोघींना. मॅडम एकदा राहू देतायत, पण आठवड्याला त्या स्वतः तिला फोन करून विचारणार. आणि ते चार दिवस ती ओसरीत बसणार नाही. दर महिन्याला ते दिवस ती इथं, तनुजाकडं राहील. आजच्यापासून. "आजी भीत नाही, मी पण भीत नाही. तनुजा चालेल?"

"चालेल म्हणजे काय!" तनुजा म्हणाली. मग माझ्याकडं बघून घाईनं, "दार लावून बसली तरी चालेल."

बानाबाईला हे पटलं का नाही, मला चेहऱ्यावरून कळेना. परक्या घरी ठेवून परत जायचं म्हणजे तिला हरल्यासारखं झालं असावं. थोड्या वेळानं ती उठली आणि तनुजाला सांगायला लागली. तिखट घालू नाय. पाय गार पडत्यात, जाड चादर दे. सकाळी उठल्या-उठल्या बोलू नाय तिच्याशी, च्या पिऊ दे आधी. तनुजा व्हय-व्हय करत होती, मला तिची दया आली. हेमाच्या डोक्यावरून बानाबाईनं हात फिरवला, तोंडातून काही काढलं नाही आणि जिना उतरायला लागली.

गाडीत बसल्यावर तिनं मला विचारलं, "म्हंजी बुधवारी यील ना?"

मी बोटांवर मोजलं. "चार दिवस म्हणजे रवि, सोम, मंगळ, बुध. गुरुवारी."

"बुधवारी," बानाबाई म्हणाली. "आजचा दिस धरायचा आसतो, बाई."