रताळ्याच्या रश्शातलं मूठभर पीठ

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोटच्या लेकींपाशी नाही, देवापाशीही नाही — देवापाशी तर मुळीच नाही, त्याला ठाऊकच असणार. तुम्ही बसला आहात, मला घाई नाही, तर सांगते. पण आधी रस्सा सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचा मळा तापीकाठी. थंडी पडली की रताळी निघायची. चुलीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या, वर पितळी पातेलं. दाणे भाजून, सालं पाखडून कुटायचे — पार मऊ नाही, जरा भरड. तुपात जिरं, ठेचलेली हिरवी मिरची, रताळ्याच्या फोडी, बेताचं पाणी. फोडी शिजल्या की दोन-चार पळीनेच चेचायच्या आणि मग कूट घालून सारखं हलवायचं. हात थांबला की कूट बुडाशी बसलाच म्हणून समजा. उपासाला चालतो आणि पोटाला आधारही देतो, म्हणून हिवाळाभर घरात हाच.

माझी धाकटी जाऊ वेणू हा रस्सा माझ्याहून चांगला करायची. बोलून टाकलं एकदाचं. मी घरातली मोठी सून, तिच्या आधीपासून चुलीशी बसलेली, आणि पुरुषमाणसं वाटी पुढे करून विचारायची, आज कुणी केलाय? राग यायचा का? यायचा. पण त्या दिवशी केलं ते रागाने नाही. रागाने केलं असतं तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं.

वेणूचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं होतं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा आमच्या सासूबाई सारंगखेड्याच्या दत्ताला बोलल्या — लेकरू सुखरूप येऊ दे, मार्गशीर्षातल्या दर गुरुवारी एकदाच खाईन, तेही उपासाचं, धान्याचा कण तोंडात घालणार नाही. आणि घरची रीत अशी, की जिच्यासाठी नवस, तिनेच न्हाऊन ओल्या केसांनी तो नैवेद्य रांधायचा. चाखायचा नाही. देवाला दाखवायचा आणि तसाच सासूबाईंना वाढायचा.

दत्ताच्या यात्रेच्या आधीचा गुरुवार होता. वेणूने रस्सा चढवला आणि तिला भोवळ आली. म्हणाली, बाई, जरा पळी फिरवता का, मी आडवी होते. मी बसले. शेजारी परातीत शेतावरच्या माणसांच्या भाकरींसाठी ज्वारीचं पीठ काढलेलं. तेवढ्यात रस्त्यावर टापा वाजल्या — यात्रेच्या बाजाराला घोडे चालले होते. मला घोड्यांचं वेड. हसू नका. ओट्यावर गेले, एक पांढरी घोडी पाहिली, तिच्यामागची पाहिली, तिच्यामागचं शिंगरू पाहिलं. वास आला तेव्हा आत धावले.

तळ लागला होता. वरचं दुसऱ्या पातेल्यात ओतलं. जळका वास मरावा म्हणून पाणी घातलं, तर ते पाणचट झालं. कूट संपलेला, पुन्हा दाणे भाजून कुटायला वेळ कुठला? म्हणतील, मोठीला साधी पळी फिरवता येईना! हात परातीत गेला. मूठभर पीठ पाण्यात कालवलं आणि ओतलं — उपासाच्या रश्शात, नवसाच्या. कळत नव्हतं का मला? चांगलं कळत होतं. रस्सा मात्र दाट झाला.

वेणू उठली, मी पळी तिच्या हाती दिली. तिने नैवेद्य दाखवला, सासूबाईंना वाढलं. त्यांच्या तोंडात दात उरले नव्हते. जिभेने चाचपून खायच्या. वाटी संपत आली आणि त्या थांबल्या. वेणूला पाणी आणायला पाठवलं, मला खुणेने जवळ बोलावलं. तळहातावर एक गाठ होती, बोटाने फोडलेली — आतून कोरडी, पांढरी.

"मोठी, हाई पीठ शे."

तिथे — अगदी तिथे — बोलायला जागा होती. माय, मी टाकलं, एवढंच तर म्हणायचं होतं. आणि मी काय म्हणाले?

"तरणी शे, माय. तिले समजनं नही व्हई."

बघा, तिची बाजूच घेतली की नाही! पुढे कितीदा तरी मी स्वतःला हे सांगून पाहिलं, की मी वेणूचं नाव घेतलं नव्हतं. खरंच नव्हतं घेतलं. घ्यायची गरजच नव्हती.

सासूबाईंनी ती गाठ चुलीत टाकली. "कोणले सांगू नको," म्हणाल्या. "पोटमा लेकरू शे तिन्हा." बाळ पोटात असताना मोडलेल्या नवसाचा उच्चार करायचा नाही, बाळाला बाधतो, असं आमच्याकडे मानत. उरलेले गुरुवार त्यांनी पाण्याशिवाय काढले. संध्याकाळी मी त्यांचे पाय चेपत असे.

लेकरू सुखरूप आलं. मुलगी. आज तिला नातवंडं आहेत. म्हणजे दत्ताने मनावर घेतलं नव्हतं, सासूबाईंनी घेतलं. बाळंतपण झालं तरी त्या बोलल्या नाहीत, फक्त वेणूच्या हातचं खाणं सोडलं. भांडण नाही, टोमणा नाही. ती वाढायला वाकली की म्हणायच्या, राहू दे, मोठी वाढेल. ज्या पोरीसाठी आपण उपाशी राहिलो, तिलाच त्याची किंमत नाही — हे त्यांच्या मनात, आणि ते ठाऊक फक्त मला.

एकदा नदीवर धुणं धुताना वेणूने विचारलंच, "बाई, मन्हं काय चुकनं?"

मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, मनावर घेऊ नको. तिने मान हलवली आणि धुणं पिळायला घेतलं. दुसरं टोक मीच धरलं होतं.

शेवटच्या हिवाळ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या, अन्न जाईना. एके दुपारी त्यांनी रताळ्याचा रस्सा मागितला, मोठीच्याच हातचा. मी केला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड फिरवलं. मग वेणूने केला, वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तुम्हीच केला म्हणून सांगा, खातील तरी. म्हातारीने वाटीभर रस्सा संपवला. म्हणाली, मोठी, तुझ्या हाताला चव आहे गं. वेणू दाराआड उभी होती. ती हसली — म्हातारीच्या पोटात चार घास गेले म्हणून हसली — आणि रिकामी वाटी घासायला घेऊन गेली. म्हातारी त्याच पंधरवड्यात गेली.

वेणू आहे अजून. भिंतीपलीकडेच राहते. थंडीतली पहिली रताळी निघाली की रश्शाची पहिली वाटी ती मलाच आणून देते आणि मी खाईपर्यंत समोर बसते. दरवर्षी एकच बोलते, "त्या घरमा एक तुम्हीच मन्हा बाजूना व्हतात, बाई."

मी वाटी चाटूनपुसून संपवते.