सर्वेबाई

सर्वेबाई वय कधी विचारत नसत. वय विचारलं की कबनूरच्या मागांच्या कारखान्यांतली सगळी पोरं "पंधरा" म्हणायची. मालकांनी तसं पढवलेलंच असायचं. बालकामगार शोधायच्या सरकारी सर्वेसाठी बाई गडमुडशिंगीहून एस.टी.नं यायच्या, म्हणून त्यांना हे नाव पडलं. मी तेव्हा आईशेजारी बसून कांड्या भरायचे, म्हणजे मागाला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायचे. बाई माझ्यापुढं उकिडव्या बसल्या. "दात कितीक पडलं गं तुझं?" मी आ करून कालच पडलेल्या दुधाच्या दाताची जागा अभिमानानं दाखवली. मालकानं कपाळाला हात लावला.

त्या नोंदीमुळं मालकावर कारवाई झाली आणि त्यानं आईलाही कामावरून काढलं. बाई घरी आल्या तेव्हा आईनं त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं केलं. पोरीला शिकवायला निघालात आणि आमची चूल विझवलीत, असं ती बरंच बोलली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"माझं चुकलं. आधी तुझ्या कामाचं बघाय पायजे हुतं," एवढंच म्हणाल्या.

सरकारी माणूस चूक कबूल करतो, हे आईनं पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती पाणी आणायला आत गेली.

पुढं आमच्यासारख्या पोरांसाठी भाड्याच्या एका खोलीत सरकारी शाळा निघाली आणि बाईच तिथं शिकवायला आल्या. खिचडी शिजवायला त्यांनी आईला लावून घेतलं. त्यासाठी कोल्हापूरच्या ऑफिसात किती खेपा घातल्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आम्ही सगळे ओरडून बोलायचो. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या पोरांना दुसरं माहीतच नव्हतं. धडा वाचला तरी गल्लीला ऐकू जायचा. बाईंचा स्वतःचा आवाजही काही कमी नव्हता, पण आमच्याजवळ येऊन त्या अगदी हळू म्हणायच्या, "हितं माग न्हाईत बाळा. हळू बोललीस तरी मला ऐकू येतंय." माझं हळू बोलणं कुणीतरी ऐकतंय, हे कळायला मला सहा महिने लागले.

दोन वर्षांनी आम्हाला नेहमीच्या शाळेत घातलं. बाईंनी प्रत्येकाला हाताला धरून वर्गात नेऊन बसवलं. त्यांची नेमणूक मानधनावरची होती. काही वर्षांनी ती संपली आणि बाई आपल्या गावी शेतीत रमल्या.

मी शिक्षिका झाले तेव्हा पेढे घेऊन गडमुडशिंगीला गेले. बाईंनी पेढा खाल्ला, पाठीवरून हात फिरवला आणि लगेच विचारलं, "रेश्मा कुठं हाय?"

रेश्मा माझ्याबरोबर कांड्या भरायची. बाई तिच्या घरी कितीदा गेल्या, पण तिच्या वडिलांनी तिला शाळेत पाठवलंच नाही. ती अजून त्याच कामावर आहे, हे मी सांगितलं. बाईंनी चुलीवर चहा ठेवला.

"पोरं हायत तिला?"

"एक मुलगी आहे."

"साळंत जाती?"

मला ठाऊक नव्हतं.

"मग हितं काय बसलीस? जा, बघून ये."

चहा चुलीवरच होता. मी तशीच उठले आणि कबनूरची गाडी धरली.