टाकीला लावलेला कान

कामावरून काढलेल्या सफाई कामगार बायकांना मी युनियनच्या गाडीतून कामगार न्यायालयात सुनावणीला नेत होते आणि वाटेत गाडी बंद पडली. चावी फिरवली की स्टार्टर घरघरायचा, पण इंजिन पेट घेईना. दुसऱ्या हातात माईक धरून माझ्या घोषणा चालूच होत्या.

"ताई, आधी तो भोंगा बंद करा," बोलावून आणलेले मेकॅनिक रफिकभाई वैतागले. "स्टार्टर फिरतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे. पेट्रोलचा पंप चालतोय का, ते ऐकू द्या."

त्यांनी टाकीला कान लावला. मी चावी फिरवली. पंपाची गुणगुण आलीच नाही. त्याचा फ्यूज उडाला होता.

नुसत्या घरघरीने काही पेटत नाही. मी किती पत्रकं कुणाचं न ऐकताच लिहिली असतील?

फ्यूज बदलल्यावर गाडी सुरू झाली. मागे बसलेल्या बायकांतून शांताबाई म्हणाल्या, "तिथं काय बोलायचं, ते आमाला इचारलंस का गं?"

नव्हतं विचारलं.