अर्थिंगचा बोल्ट

१८ मार्च, सकाळी सहा चाळीस. स्प्रे गन धुण्याच्या मशिनमधलं जुनं थिनर काढून नवं भरायचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी वार्षिक तपासणी होती.

आमचं लष्करी वर्कशॉप राजस्थानात, वाळवंटाच्या कडेला होतं. मी कॅप्टन. दुरुस्त होऊन आलेल्या गाड्या रंगवून परत पाठवणं हे माझ्या सेक्शनचं काम. रंग मारून झाला की गन लगेच धुवावी लागते, नाहीतर नोझल आणि निडल जाम होतात. पूर्वी पेंटर बादलीत थिनर घेऊन हातानेच धूत. हात सोलून निघत, आणि वास दिवसभर डोक्यात राही. म्हणून मशीन मागवलं. कमरेएवढं लोखंडी कपाट, वर झाकण. आत गन अडकवायची, झाकण लावायचं, पायाने पेडल दाबायचं. हवेवर चालणारा पंप थिनर गनमधून फिरवतो. विजेचा संबंध नाही.

पण वाहत्या थिनरमुळे कपाटात स्थिर वीज साठते. कोरड्या हवेत जास्त. ती जमिनीत जावी म्हणून मशिनच्या पायाशी एक उघडा पितळी बोल्ट असतो. त्याला क्लिप लावायची, क्लिपची तार जमिनीत. बोल्टवर रंग असेल तर क्लिप लावूनही उपयोग नाही; एक ठिणगी पडली तरी थिनरची वाफ पेटते.

पेंट सेक्शनचा हवालदार होता संपत आडके. आष्ट्याचा. मी कराडची. तासा-दीड तासाच्या अंतरावरची माणसं, म्हणून आमचं जमेल असं सगळ्यांना वाटायचं. जमलं नाही. एका बाईकडून रंगकाम शिकायचं त्याला मान्य नव्हतं आणि तो ते लपवतही नव्हता. मशीन आलं त्या दिवशी सगळ्या पेंटरांसमोर म्हणाला, "आवं मॅडम, भांडी घासायचं मशीन हाय हे. आमच्या आष्ट्यात आलं तर बायका नवरं काढून हेच ठेवतील घरात."

सगळे हसले. मी त्याला आठवडाभर स्टोअरची ड्यूटी लावली. तेव्हापासून तो माझ्याशी फक्त कामाचं बोलायचा. काम मात्र चोख. मशिनची वही त्याच्याइतकी नीट कोणी ठेवली नाही.

तपासणी म्हटलं की फौजेत रंगाचे डबे उघडतात. वर्कशॉपचे सेकंड-इन-कमांड मेजरसाहेब सकाळी फेरी मारून गेले. आमच्या मशिनचा रंग थिनरने सोललेला होता. ते म्हणाले, "सब कुछ पेंट होगा. एक इंच भी नंगा नहीं चाहिए."

मी ऑर्डर पुढे दिली. आडकेने पूर्ण मशीन रंगवलं आणि बोल्टाशी थांबला.

"ह्यो सोडतो."

"सगळं म्हणजे सगळं."

"अर्थिंग हाय मॅडम."

"मला शिकवू नका. तपासणी झाली की खरवडून घ्या."

"मग लेखी द्या."

"लेखी मिळणार नाही. ऑर्डर समजली?"

"समजली."

मी इंजिनिअर आहे. बोल्ट कशासाठी असतो ते मला त्याच्याइतकंच माहीत होतं. पण त्या क्षणी मला बोल्ट दिसत नव्हता. पेंटर लांबून बघत होते, ते दिसत होतं.

दुपारी दीड वाजता मेजरसाहेबांना एका गाडीच्या बंपरवर ओरखडा दिसला. आडकेने तो रंगवून दिला. मी म्हणाले, "गन धुवून ठेवा. पावणेतीनला साहेबांचा राउंड आहे."

"आधी बोल्ट खरवडतो."

"राउंडनंतर."

हा शब्द माझा.

दोन वाजून दहा मिनिटांनी आवाज आला. मोठा नाही. गादी आपटावी तसा. मी धावले. झाकण उघडताना भडका उडाला होता. आडके पेटलेला होता. त्याने आधी झाकण ढकलून बंद केलं, हवेचा व्हॉल्व्ह फिरवला, मग खाली पडला. भिंतीपलीकडे रंगाचं स्टोअर होतं. आत अकरा माणसं होती.

फोनवर मी म्हणाले, "फायर, पेंट बे. एक कॅज्युअल्टी. अॅम्ब्युलन्स पाठवा."

"किती भाजलाय?"

"बराच. लवकर पाठवा."

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. माझ्याशी बोलला नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. आगीत बोल्टावरचा रंग जळून गेला होता. माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी मेजरसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं.

"आडके क्लिप लावायला विसरला. असंच झालं ना?"

"नाही सर."

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"त्याच्या घरच्यांना पडतो."

"पर्मनंट कमिशनचा बोर्ड दोन महिन्यांवर आहे तुझा. आणि आडके तुला काय म्हणाला, ते ऐकलेलं दुसरं कोणी नाही."

"मी ऐकलंय, सर."

ते उठून दार उघडून उभे राहिले. त्यानंतर माझ्याशी ते कधी बोलले नाहीत. मेसमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसेनासं झालं. मी कोर्टासमोर झालं तसं सांगितलं. निकाल आला. हवालदार आडके निर्दोष, मृत्यू ड्यूटीवर. मला ठपका. पर्मनंट कमिशन मिळालं नाही, म्हणजे नोकरी मुदतीपुरतीच.

नोकरी संपायला महिना उरला होता तेव्हा रजेवर आले आणि आष्ट्याला गेले. आडकेची बायको सुनंदाताई गोठ्यात शेण भरत होती. मी नाव सांगितलं. तिने हात धुतले नाहीत.

"रंगवायला तुमीच लावलं व्हय?"

"हो. मीच."

"आनि हितं कशाला आलाय? माफी मागायला?"

"निकालाची प्रत द्यायला."

"ती आलीया पोस्टानं. मला वाचता येतं." तिने पाटी उचलली. "गल्लीला कोन वाचून दावणार? फौजेतनं रजेवर आलेल्या एकानं सांगितलंय, बिडी पेटवली म्हनून जळाला. डेअरीवर रोज बोलत्यात. माझ्यासमोर बोलत्यात. जावा आता. चा मिळायचा न्हाई."

मी सांगलीत लॉजवर मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला युनिफॉर्म घालून त्या गल्लीच्या दूध डेअरीवर गेले. तीस-पस्तीस माणसं किटल्या घेऊन रांगेत होती. सुनंदाताई शेवटी होती. मी दूध मोजायच्या काट्याशेजारी उभी राहिले.

"हवालदार संपत आडके बिडी ओढत नव्हते," मी म्हणाले. "धोका त्यांनी दोनदा सांगितला. मी अधिकारी होते, मी दोनदा ऐकलं नाही. पेटलेले असताना त्यांनी झाकण बंद केलं. म्हणून अकरा माणसं जगली."

"मग तुमीच मारलं म्हना की," एक जण म्हणाला.

"होय."

काटा थांबला होता. मग रांगेच्या टोकाकडून सुनंदाताईचा आवाज आला.

"मागं ऐकू आलं न्हाई. परत सांगा."

मी सावधान उभी राहिले आणि परत सांगितलं. आधी त्यांचा नंबर, मग हुद्दा, मग नाव.