फेस बसेपर्यंत

त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. नागपूरच्या एका कॉलेजासाठी फुटबॉलची पोरं निवडायला तो पुसदला आला होता. निवड झाली की कॉलेजात प्रवेश आणि होस्टेलात जागा. त्या वर्षी कापसाला कोणी विचारत नव्हतं. खरेदी केंद्रासमोर आमची बैलगाडी तीन दिवस रांगेत उभी होती. निवडीच्या दिवशी बाबा जेवायला गेले म्हणून मी गाडीजवळ अडकलो. ते अर्धी भाकर टाकून परत आले, मी धावत सुटलो, तरी मैदानावर पोचेपर्यंत अर्धा तास खेळ होऊन गेला होता.

संध्याकाळी निकाल विचारायला त्याच्या लॉजखालच्या बारमध्ये गेलो. त्याच्यासोबत बसलेले आमचे खेळाचे सर बियरच्या दुसऱ्या बाटलीवर होते. त्याचा भरलेला ग्लास मात्र तसाच होता. तो ग्लास उजेडात धरायचा, वास घ्यायचा, पुन्हा खाली ठेवायचा.

"सर, मी उशिरा आलतो," मी त्याला म्हणालो.

"मालूम आहे. हा फेस पाह्यला? तो बसू द्याचा, मंग चाखाचं. पोरंबी पयला अर्धा तास अशीच फसफसतात. मी तवा पाहतच नाही."

त्यानं छोटासा घोट तोंडात घोळवला आणि माझं नाव यादीत लिहिलं. पुढे होस्टेलात मी बियर प्यायला शिकलो, ती त्याच्याच पद्धतीनं.

त्याच रात्री रांगेत परतून बाबांना सगळं सांगितलं. त्या हंगामात ते पहिल्यांदाच पोट धरून हसले.

"मंग कायले येवढा धावत गेलता बे? मले पोटभर जेवू तं द्याचं होतं!"