धर्माजीने मोजला ठराव

धर्माजीबरोबर बांधावरून चालायला आमच्या गावात कुणी तयार नसतं. चालता चालता तो थांबतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "गेणू, तुझा गोठा बहिरूच्या रानात सव्वा हात गेलाय बरं का." झालं! गेणू आणि बहिरू वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि हा मात्र पुढच्या बांधावर पोचलेला असतो. एकतीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली, रिटायर झाला, पण सवय काही जमा केली नाही. त्याची बायको साळुबाई सांगते, "लग्नात अंतरपाट धरला, तर ह्यांनी माझ्या तोंडाआधी त्याची लांबी बघितली." खोटं नसावं.

माझी पिठाची गिरणी ओतूर रस्त्याला आहे. गावातलं दळण आणि गावातली बातमी, दोन्ही माझ्याकडून बारीक होऊन जातात. म्हणून ही हकिकत मी सांगतो, जरी तिच्या सुरुवातीला मी मूर्खासारखा वागलो असलो तरी.

कोंडाबाई मूळची घाटघरकडची. उसाच्या कामाला नवऱ्याबरोबर खाली आली, पुढं नवरा वारला आणि ती इथंच राहिली. तिला भागू हा एकच लेक. तीनेक वर्षांपूर्वी या भागूनं एसटीच्या थांब्यावरून घरी येणाऱ्या इंद्रायणीची वाट अडवली, हात धरला, ओढलं. इंद्रायणी तेव्हा तेवीस वर्षांची, ओतूरला मेडिकलच्या दुकानात कामाला. ती ओरडली, माणसं धावली. तिनं फिर्याद दिली आणि कोर्टात उभं राहून सगळं सांगितलं. भागूला दोन वर्षांची शिक्षा झाली. ती व्हायलाच हवी होती. याबद्दल गावात तेव्हाही दुमत नव्हतं, आजही नाही.

गोंधळ झाला तो शिक्षा भोगून तो परत आला तेव्हा. आमचे सरपंच सोपानराव. त्यांचा पुतण्या स्वराज दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असतो. त्यानं ग्रामसभेत वाचून दाखवलं, की परदेशात अशा गुन्हेगारांची जाहीर यादी असते आणि त्यांना शाळेच्या आसपास राहता येत नाही.

"मग आपन काय मागं हाय का?" सोपानराव म्हणाले.

ठराव झाला. असल्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसानं गावातली शाळा, अंगणवाडी आणि देवस्थान यांपासून पाचशे मीटरच्या आत राहू नये. देवस्थान हा शब्द सोपानरावांनीच घातला; त्याशिवाय ठरावाला वजन येईना. याला कायद्यात आधार काय, हे कुणी विचारलं नाही. हात वर झाले. त्यात माझाही होता.

कोंडाबाईचं घर नेमकं शाळेच्या मागं. भागू ओढ्यापलीकडं, डोंगराच्या पायथ्याला पाचटाची खोप घालून राहू लागला. मध्ये उसाचे दोन फड. आमच्याकडं उसात बिबट्या असतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. मोतीबिंदूनं अधू झालेली कोंडाबाई रोज सांजच्याला भाकरी बांधून त्या फडांमधून खोपीत जायची आणि लेक एकटा नको म्हणून तिथंच झोपायची. गावानं हुसकलं भागूला आणि बिबट्याच्या तोंडी दिली म्हातारी. मला हे रोज दिसत होतं आणि मी गिरणी चालवत होतो.

धर्माजीला दिसलं आणि तो गप्प बसला नाही. आमच्या दोघांत फरक एवढाच.

एकदा माझ्या गिरणीतच त्यानं तिला विचारलं, "कोंडाबाई, शाळंपासनं खोप किती लांब व्हईल?"

"मला काय ठावं, भाऊ? लई लांब हाय. सकाळी परत येस्तवर पायात जीव ऱ्हात न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी इस्त्रीचा सदरा घालून एसटीत चढताना दिसला. मी विचारलं, कुठं? म्हणाला, "मंचरला. इंद्रायणीकडं." ती लग्न होऊन आंबेगाव तालुक्यात, मंचरला गेली होती. "आधी तिला इचारतो. ती नको म्हनली, तर मी दोरीला हात लावत न्हाई."

ती काय म्हणाली हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. पण संध्याकाळी परत आला तो थेट ग्रामपंचायतीत. तिथं त्यानं अर्ज दिला, की ठरावाची हद्द मोजून, खुणा कायम करून मिळाव्यात. सोपानराव खूश झाले. "मोजा की राव! दूध का दूध, पानी का पानी!"

रविवारी मोजणी लागली. धर्माजीची तेहतीस फुटांची दोरी, चुन्याची पिशवी आणि चार झेंड्या. मागं निम्मं गाव, कारण फुकटचा तमाशा कोण सोडतो? शाळा आणि अंगणवाडी मोजली, तेवढ्यातच अख्खं गावठाण हद्दीत गेलं. मारुतीचं देऊळ मोजलं. मग धर्माजी अगदी भोळा चेहरा करून म्हणाला, "आता देवस्थान म्हंजी कुठलं कुठलं धरायचं?"

"आमचा म्हसोबा धरा," बहिरू म्हणाला.

"बांधावरचा तो दगड?" स्वराज हसला.

बहिरू असा भडकला की विचारू नका. "दगड? इलेक्शनला तुझ्या चुलत्यानं नारळ कुठं फोडला व्हता रं?"

संपलं. बहिरूचा म्हसोबा धरला म्हटल्यावर गेणूच्या विहिरीवरच्या साती आसरा देवींनी काय घोडं मारलं होतं? झुंबरबाईनं धर्माजीचा हात धरून त्याला आपल्या आंब्याखालच्या मरीआईपाशी ओढत नेलं. भावकीभावकीत चढाओढ लागली. आपला देव मोजायचा राहिला तर इज्जत गेली! कुणी चहा आणला, कुणी भेळ. पोरी चुन्याच्या रेघा ओढत होत्या, स्वराज मोबाईलच्या नकाशावर एकेक गोल काढत होता, आणि मधोमध धर्माजी गंभीर तोंडानं ओरडत होता, "दोरी ताना! झोळ नको!" आमच्या जत्रेलाही एवढी मजा येत नाही. मी त्या दिवशी गिरणी बंद ठेवली ती ठेवलीच.

दुपारी मोजणी खोपीपाशी आली. भागू खाली मान घालून बाजूला उभा राहिला. खोपीसमोर शेंदूर लावलेला एक दगड होता.

"कोंडाबाई, हा कोन?" धर्माजीनं विचारलं.

"वाघोबा. म्याच मांडलाय. आमच्याकडं मांडत्यात, वाघरानं धरू नये म्हनून."

लोकांत चुळबुळ झाली. गेणू पुढं होऊन हळूच म्हणाला, "म्हातारे, दगड हाय म्हन. न्हाईतर ही खोप बी ठरावात जाती."

कोंडाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो दोन पावलं मागं सरला. "दगड कसा म्हनू? तीन म्हयनं झालं, माझ्या लेकराला राखतोय त्यो."

धर्माजीनं खोपीवरही चुना टाकला. त्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. मला माझ्या वर केलेल्या हाताची लाज वाटली, स्पष्ट सांगतो.

पण हसू फार वेळ लांब राहिलं नाही. स्वराज मोबाईलकडं बघत पांढराफटक पडला. "काका, सगळं शिवार गेलं. एवढीच जागा मोकळी ऱ्हातीय."

ती जागा म्हणजे शिवाराच्या टोकाचा सोपानरावांचा मळा, आणि त्यातही नेमकी त्यांच्या नव्या बंगल्याची पडवी. द्राक्षबागेसाठी बांध सपाट करताना सोपानरावांनी तिथला म्हसोबा जेसीबीनं उचलून ओढ्यात लावला होता. गावाला माहीत होतं, बोलायचं कुणी नव्हतं. आता अख्ख्या शिवारात बिनदेवाचं रान त्यांचंच!

पहिली हसली साळुबाई. मग सगळं गाव. सोपानरावांची बायको रत्ना पदर तोंडाला लावून म्हणाली, "घ्या! म्हसोबाला हलवू नका म्हनत व्हते मी." सोपानरावांनी आधी डोळे वटारले, मग मिशीतून फिस्सकन हसले. एवढं मान्य करायला हवं, माणूस दिलदार आहे.

तीन दिवसांनी दुपारी ग्रामसभा भरली. भागू खोपीतच होता. धर्माजी उभा राहिला आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं.

"ठरावापरमानं ह्या मानसाला गावात जागा न्हाई. म्हंजी त्यो उसात ऱ्हानार, जिथं त्याला आपन बघत न्हाई आन् त्यो आपल्याला बघतो. मी इचारतो, डोळ्यासमोरचा मानूस बरा, का फडातला?"

कुणी उत्तर देण्याआधी बाहेर स्कूटी थांबली. इंद्रायणी आत आली. ती न बसता बोलली.

"हा ठराव माझ्यासाठी केला म्हणता. मला कुणी विचारलं होतं? धर्माजीमामा सोडून एकानंही नाही. मला कोर्टात न्याय मिळाला. मला पुढं काय हवंय ते सांगते. त्यानं दर सोमवारी पोलीस पाटलांकडं हजेरी द्यायची. थांब्यावर रेंगाळायचं नाही. मी माहेरी येणार असेन तेव्हा आधी कळवीन, त्या दिवशी त्यानं माझ्या वाटेला यायचं नाही. पुन्हा कुणा बाईनं तक्रार केली तर गावानं तिच्या मागं उभं राहायचं, पहिल्या दिवसापासून. हे लिहा. मीटर नकोत मला."

सोपानरावांनी स्वतः लिहून घेतलं. जुना ठराव रद्द करायला हात वर झाले. या खेपेला मी दोन्ही वर केले. शेजारच्यानं एक खाली ओढला.

सभा मोडली तशी कोंडाबाई गर्दीतून वाट काढत इंद्रायणीपाशी गेली आणि वाकू लागली. इंद्रायणीनं तिचे खांदे धरले.

"मावशी, मी त्याला माफ केलेलं नाही. तुम्ही तुमच्या घरात झोपावं, एवढंच माझ्या मनात आहे."

"नगंच करू माफ, पोरी," कोंडाबाई म्हणाली. "म्या बी न्हाई केलेलं. पन आई हाय, जेवू घालावं लागतं."

दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या. हसता हसता इंद्रायणीनं म्हातारीच्या पदरानंच तिचे डोळे पुसले आणि मग स्वतःचेही. कोंडाबाई लेकाला आणायला भर उन्हात खोपीकडं निघाली. ती इतकी झपाझप चालत होती, की धर्माजीला तिच्या मागं चक्क पळावं लागलं.